गाजलेल्या गाण्याला हात लावताना

अहिल्यानगर

चि. सोनूस,


गाजलेलं गाणं नव्यानं म्हटलं तर त्यात आपलं असं काय उरतं, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण ठेका बदलला, गिटार घातली, मध्ये रॅपच्या चार ओळी टाकल्या की झालं, हे तुझं उत्तर काही पटत नाही. ती नुसती रंगरंगोटी. जुन्या गाण्यातलं काय तसंच ठेवायचं हे ज्याला कळतं, त्याचाच बदल नवा वाटतो. 'कट्यार काळजात घुसली' घे. १९६७च्या या नाटकात अभिषेकीबुवांनी 'घेई छंद मकरंद' हे भुंग्यावरचं एकच पद दोन चालींत बांधलं. एक चाल नाटकातल्या पंडितजींच्या वळणाची, संथ, शब्दाशब्दापाशी रेंगाळणारी. दुसरी खाँसाहेबांची, त्या भूमिकेत वसंतराव गात ती, चपळ, तानांनी उसळणारी. पहिलीतला भुंगा मधात गुंगलेला, दुसरीतला फुलाफुलावर झेपावणारा! शब्दाला धक्का नाही, आणि दोन्ही भुंगे त्या शब्दांतच होते. नुसती लय वाढवून हे साधलं नसतं. प्रत्येक चाल गाणाऱ्या पात्राच्या स्वभावातून आली आहे.

आपल्या नगरात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी उलट्या बाजूनं हेच केलं. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं उपासनेत होतीच, पण त्यांनी अभंग-ओवीचा साचा उचलला आणि त्यात ख्रिस्तभक्ती ओतली. साचा शेकडो वर्षांचा, तरी त्यांना कुणी नकलाकार म्हटलं नाही, कारण तो का घेतला ते प्रत्येक अभंगात ऐकू येतं. मूळ इतकं सुंदर असताना हात लावायचाच कशाला, असं जाणकार तुला विचारतील. त्यांना भजनी मंडळं दाखव: एकच अभंग गावोगाव वेगळ्या चालीत म्हणतात, आणि तुकोबांचं काही बिघडत नाही. लोकांना ओळखीचंच हवं असतं, हा तुझा मुद्दा मात्र खरा. मग मुखडा ओळखीचा ठेव नि अंतऱ्यात मोकळी हो.

कॉपीराइट कायद्याचंही बघ. २०१२च्या दुरुस्तीनंतर, मूळ ध्वनिमुद्रण निघालं त्या वर्षानंतर पाच वर्षं उलटली की आगाऊ सूचना देऊन, स्वामित्वधन भरून कव्हर काढता येतं. पण तांत्रिक गरजेपलीकडे शब्द-चालीत फेरफार करायचा तर हक्कधारकाची संमती लागते. तुझ्या त्या रॅपच्या ओळी तिथंच अडकतील.

म्हणून सुरुवात नेवाशात रचलेल्या पसायदानापासून कर. त्याच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. हृदयनाथांनी लतादीदींसाठी बांधलेल्या चालीचं तसं नाही. तेव्हा ती बाजूला ठेव, शब्द दहादा मोठ्यानं वाच आणि तुझी चाल बांध. झाली की नुसत्या तंबोऱ्यावर म्हणून पाठव, मागं बीट न टाकता.

तुझा,
मामा