जपानीतला स्वराविना ‘न्’

प्रश्न : मी जपानी शिकते आहे. काना लिपीत का, कि, कु अशी स्वरासहितच अक्षरे असतात. मग ‘न्’ एकटाच स्वराविना कसा? त्याने शब्द सुरू का होत नाहीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आजच्या 46 मूळ काना अक्षरांत स्वराविना उभे राहणारे हे एकच. पण त्याला निव्वळ ‘न्’ समजू नका, तो आपला अनुस्वारच आहे. पंप, अंत, अंक म्हणून पाहा. बिंदू तोच, पण उच्चार पुढच्या अक्षराप्रमाणे म्, न्, ङ्. जपानीतही ‘फेरफटका’ साम्पो होतो आणि ‘बँक’ गिङ्को. टोकियोतल्या शिंबाशी स्टेशनच्या पाटीवर रोमन लिपीत ‘एम’ दिसतो, काना लिपीत मात्र हेच अक्षर. मराठी माणसाला हा उच्चार शिकवावाच लागत नाही.

शिकावी लागते ती त्याची मात्रा. आपला अनुस्वार आधीच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. हे अक्षर स्वतःची जागा आणि स्वतःचा वेळ घेते. शिंबुन, म्हणजे वर्तमानपत्र, हा शब्द शि-न्-बु-न् असा चार मात्रांचा. हायकूतही तो तसाच मोजतात. कि-ने-न् म्हणजे स्मरण, कि-न्-ए-न् म्हणजे धूम्रपानबंदी. इथे घाई केलीत की अर्थ बदललाच. माझा आग्रह आहे, सुरुवातीला टाळी देत म्हणा.

आता इतिहास. जुन्या जपानीत हा ध्वनी स्वतंत्र नव्हता. प्रत्येक अक्षर एकदाच वापरणाऱ्या ‘इरोहा’ या 47 अक्षरी प्राचीन कवितेत तो नाही. चिनी शब्दांबरोबर तो रुळला. आपले ‘ध्यान’ चीनमध्ये ‘चान’ झाले, जपानात ‘झेन’. त्यातला शेवटचा ‘न्’ हाच. जपानी शब्दही झिजले : ‘योमिते’चे (वाचून) ‘योंदे’ झाले. लिहायला मात्र बराच काळ ‘मु’चीच अक्षरे वापरत. हिरागाना या काना लिपीतले त्याचे आजचे वळणही मुळात ‘मु’साठी वापरलेल्या एका चिनी अक्षराच्या शीघ्रलेखनातून आले. 1900 साली प्राथमिक शाळांच्या नियमांनी एका ध्वनीला एक अक्षर ठरवले, तेव्हा ते ‘न्’साठी पक्के झाले.

हा ध्वनी आला तो अक्षरांच्या शेपटाला, म्हणून शब्दारंभी तो नाही. ‘शिरितोरी’ हा मुलांचा खेळ यावरच चालतो. आपल्या भेंड्यांसारखाच, फक्त गाण्यांऐवजी शब्दांचा. ‘मिकान’ (संत्रे) म्हणालात की हरलात, कारण पुढच्याला शब्दच उरत नाही. अपवाद परकी नावांचा : आफ्रिकेतल्या चाड देशाची राजधानी न्जामेना जपानीत याच अक्षराने सुरू होते.