जुन्या बिलाची कॉपी काढताय? आधी या चार गोष्टी बदला

समजा, मढ कोळीवाड्यातल्या एक ताई मालाडच्या दुकानदारांना सुके बोंबील, सुका जवळा आणि सोडे देतात. दर आठवड्याला तीच दुकानं, जवळपास तोच माल. मग दरवेळी बिल नव्याने कशाला टाइप करायचं? बिलिंग अ‍ॅपमध्ये जुनं बिल उघडलं, 'डुप्लिकेट' दाबलं, काम झालं!

पण थांबा. जुन्या बिलावर 'पैसे मिळाले' अशी खूण होती. तीही कॉपी झाली, तर आजचं बिल उधारीच्या यादीत दिसणारच नाही. माल गेला, पैसे मागायचे राहिले!

म्हणून कॉपी काढल्यावर या चार गोष्टी तपासा:

१. बिल नंबर : नवाच हवा. जीएसटी नोंदणी असेल तर नियम ४६ नुसार नंबर क्रमाने, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा लागतो.

२. तारीख : बिलाची आणि पैसे देण्याच्या मुदतीची, दोन्ही.

३. पैशांची स्थिती : 'बाकी' करा. जुनी जमा रक्कम शून्य करा.

४. वजन आणि भाव : १ जूनपासून मासेमारी बंदी, वर पाऊस, म्हणजे वाळवणही बंद. तेव्हा मार्चचा भाव कॉपीत तसाच राहिला, तर फरक तुमच्या खिशातून जातो.

आता आतली गंमत समजून घ्या. बिल म्हणजे एकच नोंद नसते. वर बिलाची मुख्य नोंद, खाली मालाच्या ओळी. या दोन्हींची कॉपी व्हायला हवी. ग्राहकाची मात्र कॉपी नको, फक्त जोडणी हवी. नाहीतर एकच दुकान यादीत दोनदा येतं, उधारी दोन खात्यांत विभागली जाते आणि 'एकूण किती येणं?' याचं उत्तर चुकतं.

स्वतःचं अ‍ॅप बनवून घेताय? मग डेव्हलपरला स्पष्ट सांगा: "कॉपी आधी कच्चं बिल म्हणून सेव्ह होऊ दे. मी तपासून पक्कं केल्यावरच नंबर पडू दे आणि स्टॉक कमी होऊ दे."

आजचा गृहपाठ : एक 'पैसे मिळालेलं' बिल डुप्लिकेट करा आणि उधारीची यादी उघडा. नवं बिल तिथे दिसलं का? नसेल दिसलं, तर आजच जुन्या कॉपी तपासायला बसा. तुमचेच पैसे सापडतील!