बाळाचे नाव मान्वेल ठेवावे का?



घरात मुलगा जन्मला की पेढ्यांच्या पाठोपाठ नावाची चर्चा सुरू होते. आजी म्हणते, "थोरला नातू आहे, आजोबांचेच नाव चालवायचे. मान्वेल ठेवा." आत्या मान डोलावते. बाळाच्या आईला मात्र धास्ती वाटते की शाळेत मुले त्याला चिडवतील. काका मोबाईलवर दोन अक्षरी नव्या नावांची यादी वाचून दाखवतात. लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत आपल्या मावळातल्या बऱ्याच घरांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. कधी कधी नावावर एकमत होत नाही म्हणून बाप्तिस्माच लांबणीवर पडतो. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

१. शुभवर्तमानातील बारसे

लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय (१:५७-६६) घरी उघडून वाचावा. आठव्या दिवशी शेजारी आणि नातेवाईक जमले. त्यांनी बाळाला वडिलांचे, म्हणजे जखऱ्या हे नाव देण्याचे ठरवूनच टाकले होते. आईने नकार दिला आणि योहान हे नाव सांगितले. तुमच्या नात्यात या नावाचे कोणीच नाही, अशी लोकांनी हरकत घेतली. शेवटी मुक्या झालेल्या जखऱ्याने पाटी मागवून योहान हेच नाव लिहिले.

हा उतारा नव्या नावाच्या बाजूने आहे असे वाटेल. पण योहान हे नाव काही नवे नव्हते, यहुदी लोकांत ते पूर्वापार चालत आलेले होते. जखऱ्या म्हणजे देवाने आठवण ठेवली आणि योहान म्हणजे देव कृपाळू आहे. दोन्ही नावे जुनी आणि दोन्ही अर्थपूर्ण. फरक एवढाच की आईवडिलांनी रिवाजापेक्षा देवाच्या इच्छेकडे पाहिले.

२. जुन्या नावात काय दडले आहे?

पोर्तुगीज काळात आलेली नावे आपल्या लोकांच्या तोंडी रुळली. इग्नासियोचे इनास झाले, सेबास्तियांवचे बस्त्याव आणि जुझेचे जुजे. आज ती ऐकून तरुण हसतात. पण मान्वेल म्हणजे इम्मानुएल! देव आम्हाबरोबर आहे, असा त्याचा अर्थ. मत्तयने येशूच्या जन्माच्या वृत्तांतात (१:२३) यशयाच्या ग्रंथातून घेतलेले तेच हे नाव. ज्या नावाची लाज वाटते त्यात नाताळचा सगळा संदेश भरलेला आहे. मात्र हे घरात कोणी सांगितलेच नाही, तर ते नाव नातवाला ओझे वाटणारच.

३. ख्रिस्तसभा काय सांगते?

संताचेच नाव हवे, असे पुष्कळांना वाटते. १९१७ च्या कायद्यात ख्रिस्ती नावाचा आग्रह होता. आईवडिलांनी तसे नाव दिले नाही, तर धर्मगुरूने संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहायची होती. आज लागू असलेल्या १९८३ च्या कायद्याचे ८५५ वे कलम एवढेच म्हणते की ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव नसावे. याची काळजी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यायची आहे. धर्मशिक्षणाच्या ग्रंथानुसार (परिच्छेद २१५६) बाप्तिस्म्याचे नाव संताचे असू शकते, तसेच ख्रिस्ती रहस्य किंवा सद्गुण व्यक्त करणारेही असू शकते. म्हणजे विश्वास किंवा आनंद ही आपली मराठी नावेही चालतात.

आणखी एक गोष्ट. बाप्तिस्मा विधीच्या आरंभी धर्मगुरू बाळाचे नाव विचारतात ते आईवडिलांना. आजीआजोबांचा सल्ला मोलाचा आहे, पण उत्तर आईवडिलांनी द्यायचे आहे. तसेच ८६७ व्या कलमानुसार जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा व्हावा. नावाच्या वादापायी बाळाला कृपेपासून दूर ठेवणे योग्य नव्हे.

४. नावे भाषा ओलांडतात

आपल्या कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांतले काही दाते यवन, म्हणजे मुळात परदेशी म्हणून नोंदलेले असूनही त्यांची नावे इथल्या बोलीतली आहेत. एक नाव आहे सिहधय. मावळात हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घडले.

आपल्या श्रद्धेतही असेच घडले आहे. त्रावणकोर राज्याच्या सेवेतील नीलकंठ पिल्लै यांचा १७४५ साली बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांना लाजरस हे नाव मिळाले, पण तमिळमध्ये : देवसहायम, म्हणजे देव साहाय्य करतो. १७५२ साली त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले आणि १५ मे २०२२ रोजी ते संत म्हणून घोषित झाले.

पोपमहोदयांचेच पाहा. २०१३ साली फ्रान्सिस हे नाव घेतले गेले, जे आधी कोणत्याही पोपने घेतले नव्हते. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे जुने नाव घेतले. तेरावे लिओ १९०३ साली वारले, त्यानंतर ते कोणी घेतले नव्हते. कामगारांच्या हक्कांवर १८९१ साली परिपत्र लिहिणाऱ्या त्या लिओंची आठवण त्यामागे आहे. दोघांनीही विचारपूर्वक, कारण सांगून नाव निवडले.

५. नाव ठरवताना

• आजीआजोबांनी हट्टाऐवजी गोष्ट सांगावी : ज्यांचे नाव ठेवायचे ते कसे जगले, कोणाच्या उपयोगी पडले, प्रार्थना कशी करीत.
• आईवडिलांनी ती गोष्ट पूर्ण ऐकून मगच हो किंवा नाही म्हणावे.
• नवे नाव ठेवले, तर आजोबांचे नाव जोडनाव म्हणून बाप्तिस्म्याच्या वेळी घेता येते.
• नावाचा संत आणि त्याचा सण माहीत करून घ्यावा. इनास असेल तर ३१ जुलै, बस्त्याव असेल तर २० जानेवारी.
• जन्मनोंदणी आणि बाप्तिस्मा नोंदवही यांत नाव एकाच पद्धतीने लिहावे. एकीकडे मान्वेल आणि दुसरीकडे इम्मानुएल असे झाले, तर पुढे लग्नाच्या आणि पासपोर्टच्या वेळी त्रास होतो. जन्मनोंदणीत नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत मुभा आहे.

मग मान्वेल ठेवावे का? जरूर ठेवावे, जर ते नाव प्रेमाने आणि अर्थ समजून दिले जात असेल. केवळ आजोबा रागावतील म्हणून ठेवू नये, आणि केवळ लोक हसतील म्हणून टाळूही नये. मूल मोठे झाल्यावर विचारील, "माझे हे नाव का ठेवले?" त्या प्रश्नाला घरात एक चांगले उत्तर तयार असावे.

कुटुंबात चर्चेसाठी

१. तुमचे नाव कोणी निवडले आणि का?
२. तुमच्या आश्रयदात्या संताविषयी तुम्ही मुलांना काय सांगू शकाल?
३. तुमच्या घरातील कोणते जुने नाव विसरले जात आहे?

प्रार्थना : हे प्रभू, तू प्रत्येकाला नावाने ओळखतोस. आमच्या बाळांना आम्ही जे नाव देऊ, त्या नावाने तुझी हाक ऐकण्याची कृपा त्यांना दे. आमेन.