नेट घेण्याआधी वायर कोणाच्या हातात आहे ते बघा

हिवरा आश्रमात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवायचं म्हणजे वर्षभर कुठल्या ना कुठल्या शेवटच्या तारखेशी गाठ. जूनमध्ये प्रवेश, जुलैत पीकविमा, पुढं महाडीबीटीची शिष्यवृत्ती. विवेकानंद आश्रमाच्या शाळा-कॉलेजांमुळं पोरांची वर्दळ असते, आणि खेड्यापाड्यातला शेतकरी मेहकरला जाऊन दिवस मोडण्यापेक्षा इथंच काम उरकतो. दुकानात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. नेट बसलं की सगळंच बसलं.

ते बसलं नेमकं पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात. बंद पडलं असतं तर निदान कळलं तरी असतं. राऊटरचे दिवे हिरवे, व्हॉट्सॲपचे मेसेज येताहेत, पण सातबाऱ्याची पीडीएफ काही केल्या चढेना. चक्र फिरत राहायचं आणि पोर्टल अर्ध्यात बाहेर फेकायचं. बाकावर माणसं आधार कार्ड आणि पासबुक हातात धरून बसलेली. ग्राहक सेवेच्या नंबरावर आधी भाषा निवडा, मग सेवा निवडा, मग गाणं ऐका. शेवटी लाइनमनलाच गाठलं. तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, तुमचा डेटा सरला. आता एक तारखेपर्यंत असंच चालन.”

प्लॅन देताना ‘अनलिमिटेड’ सांगितलं होतं, पावतीवरही तेच. मर्यादेचा उल्लेख होता कंपनीच्या साइटवरच्या अटींत, आठ-दहा पानं खाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही रीत एकाच कंपनीची नाही.

डेटा गेला कुठं हे शोधलं तेव्हा गंमत कळली. फॉर्म, सातबारे, पीडीएफ यांना कितीसा डेटा लागतो? खात होता तो दारावरचा सीसीटीव्ही. क्लाउडवर चित्रण पाठवणारा कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट जरी चढवत राहिला तरी दिवसाला जवळजवळ ११ जीबी होतात, महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास. बऱ्याच प्लॅनमध्ये डाउनलोडबरोबर अपलोडही मर्यादेत धरतात, हे विकणारा सांगत नाही. त्यावर घरी कुणी एचडी सिनेमा लावला तर तासाला अडीच-तीन जीबी.

म्हणून पहिली गोष्ट. मर्यादा किती जीबीची, एवढंच विचारून थांबू नका. ती संपल्यावर वेग किती राहतो ते विचारा. माझ्या मते प्लॅनमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि जाहिरातीत तोच नसतो. २०२० साली बीएसएनएलने भारत फायबरचा ४४९ रुपयांचा प्लॅन आणला, त्यात ३० एमबीपीएस वेग, ३३०० जीबीची मर्यादा आणि पुढं २ एमबीपीएस होतं. जिओनेही त्याच वर्षी ३९९चा प्लॅन काढला. नाव अनलिमिटेड, पण बारीक अक्षरांत तीच ३३०० जीबी. ३३०० जीबी म्हणजे दिवसाला ११०. एवढा डेटा घरगुती माणसाच्यानं संपत नाही, तेव्हा असल्या मर्यादेला घाबरायचं कारण नाही. पण वायरीशिवाय, टॉवरवरून घरात नेट देणाऱ्या प्लॅनमध्ये हीच मर्यादा १००० जीबीपर्यंत खाली येते आणि काहींत त्यानंतरचा वेग ६४ केबीपीएस. ६४ केबीपीएसवर एक एमबीची फाइल यायला दोन मिनिटं लागतात, तीही सगळं सुरळीत असेल तर. २ एमबीपीएसवर तीच फाइल चार सेकंदांत येते. मर्यादा संपल्यावरही माझं दुकान २ एमबीपीएसवर रडतखडत चाललं असतं, ६४वर शटर ओढावं लागतं. आकडे बदलत राहतात, तुमच्या हाती प्लॅन येईल तेव्हाचे तेव्हा बघा. दर सांगताना १८ टक्के जीएसटी धरलाय का, तेही विचारा.

दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्येच कंपन्यांना बजावलंय की मर्यादा किती, तोपर्यंतचा वेग किती आणि नंतरचा किती, हे तिन्ही ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. शिवाय ५० आणि ९० टक्के डेटा वापरला गेला की सूचना द्यायची. मला अशी सूचना आली नव्हती. पुढं जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ब्रॉडबँडची किमान व्याख्याच २ एमबीपीएस केली. त्याआधी ती ५१२ केबीपीएस होती.

पण खेड्यात नेट घेताना वेग आणि जीबी दुय्यम ठरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. जाहिरात कंपनीची, बिल कंपनीचं, पण तुमच्या घरापर्यंतची वायर कुणी ओढली? बीएसएनएलचं फायबरसुद्धा गावोगावी स्थानिक भागीदारामार्फत येतं आणि तो बहुतेक ठिकाणी पूर्वीचा केबलवाला असतो. इतर कंपन्यांचंही थोड्याफार फरकानं हेच. आमच्याकडं वायर निंबाच्या फांदीवरून, विजेच्या खांबावरून, पत्र्यावरून येते. माकडं तिला लोंबकळतात, नळाच्या पाइपलाइनला खोदणारा जेसीबी ती एका फटक्यात उचकटतो. मग मोडेमवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागतो. तो लाल झाला की मोडेम बंद-चालू करून उपयोग नसतो, कारण त्याच्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. तुटलेली काचेची तार पुन्हा जोडायला स्प्लायसिंग मशीन लागतं. ते मशीन गावात आहे की तालुक्याला, आणि तालुक्याला असेल तर किती माणसांत एक, यावर तुमचं नेट संध्याकाळी येणार की परवा, हे ठरतं. मुंबईतल्या कॉल सेंटरमधली मुलगी कितीही गोड बोलली तरी ती काही हे मशीन घेऊन येणार नाही.

तेव्हा कनेक्शन घेण्याआधी त्याच वायरीवरच्या दोन-चार घरी जाऊन या. ‘स्पीड कसा आहे’ असं विचारलं तर सगळे ‘बरा आहे’ म्हणतात. ‘मागच्या खेपेला लाल दिवा लागला तेव्हा माणूस कधी आला’ असं विचारा, खरं कळतं. लाइनमन आला की त्याला पॉवर मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा. वजा २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. वजा २७च्या पलीकडं गेला असेल तर जोड कच्चा आहे, पहिल्याच पावसात लाइन जाईल. हा आकडा विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम तो जरा नीट करतो, हेही पाहिलंय. वीज जाते तिथं मोडेमसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. आणि सूट मिळते म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका. पैसे अडकले की तक्रारीतला जोर जातो.

टॉवरवरच्या नेटबद्दल हिवऱ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. विवेकानंद जन्मोत्सवाला इथं लाखोंनी माणूस येतो, ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते, शिस्तीत पंगती उठतात. पण त्या दिवशी मोबाइल लावून बघा. टॉवर तोच, वाटेकरी लाखो. ज्याचं काम नेटवर चालतं त्यानं शक्य तिथं वायरीचंच घ्यावं आणि टॉवरचं अडीअडचणीला ठेवावं.

एवढं करूनही बिनसलंच तर तोंडी भांडण्यात अर्थ नाही. लाइनमनला फोन केला म्हणजे तक्रार झाली असं होत नाही. ग्राहक सेवेकडं नोंद करा आणि डॉकेट क्रमांक मागून घ्या. तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा, मात्र टेस्ट वाय-फायवर न करता मोडेमला केबल लावून करा, नाहीतर कंपनी भिंतीला दोष देते. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडं जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ही व्यवस्था ट्रायच्या २०१२च्या नियमांनी घालून दिली आहे. मी अपील केलं, तेव्हा कुठं त्या महिन्याचं भाडं पुढच्या बिलात वळतं झालं. बुडालेलं गिऱ्हाईक काही वळतं होत नाही.

ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. त्या चालतात, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. कंपनीचं ऑफिस कुठंही असो, तक्रार आपल्या जिल्ह्यात, म्हणजे बुलडाण्याच्या आयोगात करता येते, ऑनलाइनही करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.