चायनीज, पण कोणाचं?

ओंकार पहिल्या पगारात घरच्यांना मुंबईच्या बीकेसीतल्या एका पॅन-एशियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेणार आहे. आई शाकाहारी, बाबांना मासे प्रिय, आजीला तिखट सोसत नाही. मेन्यू आधीच बघून ठेवावा म्हणून तो मावशीकडे आला. मावशीची सगळी नोकरी केटरिंग कॉलेजात स्वयंपाक शिकवण्यात गेली.

ओंकार : मावशी, एवढा लांबलचक मेन्यू, पण त्यात मंचुरियन कुठेच नाही!

मावशी : चीनमध्ये गेलास तरी मिळायचं नाही.

ओंकार : म्हणजे नाक्यावरच्या गाडीवर आम्ही खातो ते सगळं खोटं चायनीज?

मावशी : खोटं म्हणू नकोस. पदार्थ खरा की खोटा हे ठरवण्याआधी तो कोणाचा, हे विचारावं. मंचुरियन मुंबईचं आहे. नेल्सन वाँग हे कोलकात्यात जन्मलेले चिनी गृहस्थ. 1975 च्या सुमारास ते इथल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक बघत होते. काहीतरी नवीन खायला द्या, अशी मागणी आली. त्यांनी लसूण, आलं, हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळलेले चिकनचे तुकडे त्यात सोडले. ही हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे. पुढे केम्प्स कॉर्नरला त्यांनी ‘चायना गार्डन’ काढलं आणि मंचुरियन देशभर गेलं.

ओंकार : पण कोलकात्यात चिनी माणसं आली कुठून?

मावशी : अठराव्या शतकाच्या अखेरीस टाँग अच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याने कोलकात्याजवळ साखर कारखाना काढला. त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. मग मुख्यतः दक्षिण चीनमधून माणसं येत राहिली. कँटनकडचे सुतारकामात शिरले, हुबेईचे दातांचे डॉक्टर झाले, हाक्का लोकांनी टांगरा भागात चामडं कमावण्याचे कारखाने काढले. पुढे ते कारखाने शहराबाहेर हलवायचा आदेश निघाला आणि टांगरा रेस्टॉरंटांसाठी ओळखलं जाऊ लागलं. तुमचे हाक्का नूडल्स या लोकांच्या नावाचे आहेत.

ओंकार : आणि मुंबईत?

मावशी : मुंबईत ती बंदरामुळे आली. जहाजांवर काम करणारे कँटनकडचे खलाशी माझगावच्या आसपास राहत. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ त्यांचं देऊळ आहे, 1919 साली बांधलेलं. अजून तिथे पूजा होते. कोणी दात काढणारे झाले, कोणी ब्यूटी पार्लर काढलं, कोणी हॉटेलं. चर्चगेटचं ‘कामलिंग’ हे त्या जुन्या हॉटेलांपैकी. कुलाब्यात रीगल सिनेमाजवळ लिंग कुटुंबाचं ‘लिंग्ज पॅव्हेलियन’ आहे.

ओंकार : मग आता मुंबईत चिनी चेहरे फारसे का दिसत नाहीत?

मावशी : 1962 च्या युद्धामुळे. भारतात राहणाऱ्या, इथल्याच भाषा बोलणाऱ्या सुमारे 3,000 माणसांना केवळ वंशाने चिनी म्हणून घरातून उचललं आणि राजस्थानातल्या देवली इथल्या छावणीत ठेवलं. काहींना तिथे वर्षानुवर्षं काढावी लागली. सुटून आले तेव्हा घरं आणि दुकानं गेलेली होती. कितीतरी कुटुंबं पुढे कॅनडाला निघून गेली. जी राहिली त्यांतल्या अनेकांनी हॉटेलाच्या धंद्यावर संसार उभे केले. म्हणून देसी चायनीजला कोणी नाक मुरडलं की मला वाईट वाटतं. आपण त्या माणसांना धड वागवलं नाही, तरी त्यांनी आपल्या जिभेचा विचार करून स्वयंपाक केला.

ओंकार : जिभेचा विचार म्हणजे?

मावशी : रस्सा बघ. कँटनकडच्या परतलेल्या पदार्थांत सॉस फोडींना जेमतेम चिकटेल एवढाच असतो. आपल्याला मात्र भात कालवायला काहीतरी पातळ लागतं. म्हणून कॉर्नफ्लोअर लावलेली दाट ग्रेव्ही आली. हिरवी मिरची आणि कोथिंबीर आली. शाकाहाऱ्यांसाठी कोबी-गाजराचं व्हेज मंचुरियन आलं, जैनांसाठी कांदा-लसणाशिवायचं. मग गाड्या आल्या. ट्रिपल शेजवान राईस आणि चायनीज भेळ हे पदार्थ या शहराने स्वतःच्या भुकेसाठी घडवलेत.

ओंकार : शेजवान मात्र खरं चिनी ना? प्रांताचंच नाव आहे.

मावशी : नाव सिचुआन प्रांताचं, सॉस आपला. आपला शेजवान सॉस म्हणजे सुकी लाल मिरची, भरपूर लसूण, आलं आणि व्हिनेगर. सिचुआनच्या स्वयंपाकाच्या मुळाशी दोन गोष्टी असतात. एक, मिरची आणि मोठ्या शेंगांचे दाणे महिनोन्‌महिने आंबवून केलेली पेस्ट. दुसरी, सिचुआन मिरी. ती तोंडात टाकली की तिखट लागत नाही, जीभ झिणझिणते आणि बधिर होते. आपल्याकडे ताज महाल हॉटेलच्या ‘गोल्डन ड्रॅगन’ने 1973 साली सिचुआनचं जेवण आणलं.

ओंकार : बधिर करणारी मिरी? आजीला कसं चालेल?

मावशी : आजीला त्या मिरीचं नवल वाटणार नाही. बांगड्याच्या आमटीत ती तिरफळं घालते ना? तिरफळ आणि सिचुआन मिरी एकाच कुळातल्या, अगदी एकाच प्रजातीगटातल्या झाडांची फळं आहेत. दोन्हीकडे काळं बी टाकून देतात आणि वरचं साल वापरतात. दोन्हींचा वास लिंबाच्या सालीकडे झुकतो. कोकणात आणि गोव्यात ते माशाबरोबर जातं, सिचुआनमध्ये मांसाबरोबर आणि टोफूबरोबर. आजीची अडचण आहे ती मिरचीची, तेव्हा तिच्यासाठी कँटनकडचे पदार्थ बघू.

ओंकार : म्हणजे चीनमध्येही प्रांतागणिक वेगळं जेवण?

मावशी : वेगळं असणारच, केवढा देश आहे! उत्तरेला गहू पिकतो, तिथे नूडल्स, पाव आणि करंज्यांसारखे डंपलिंग. दक्षिणेला भात. सिचुआन आणि हुनान तिखट. शांघायकडे थोडं गोडसर, सोया सॉसमध्ये मंद शिजवलेलं. कँटनकडे मासा, भाजी यांची मूळ चव राखण्यावर सगळा भर, आणि डिमसम हा त्यांचाच थाट. सकाळी चहाबरोबर छोट्या बांबूच्या टोपल्यांतून वाफवलेले घास खायचे. तुझ्या मेन्यूत हार गाव आहे का बघ.

ओंकार : आहे. कोळंबीचं. फोटोत आतलं सारण दिसतंय.

मावशी : ते पारदर्शक आवरण हीच शेफची परीक्षा. ज्या गव्हाच्या चिकाच्या आपण कुरडया घालतो, तोच चीक वाळवून केलेलं पीठ त्यासाठी घेतात आणि त्यात थोडं टॅपिओकाचं. उकळतं पाणी ओतून, गरम असतानाच मळतात. मग सुरीच्या पात्याने दाबून पातळ पारी करायची, एका बाजूने बारीक कळ्या पाडायच्या आणि काही मिनिटंच वाफवायचं. उचलताना फाटलं तर पीठ बिघडलं किंवा वाफ जास्त झाली. दाताखाली कोळंबी कट्‌कन तुटायला हवी. एवढ्या एका घासावरून स्वयंपाकघराचा दर्जा कळतो. म्हणून नव्या ठिकाणी गेलं की मी आधी हेच मागवते.

ओंकार : आणि फ्राइड राइस घरी कधीच तसा का होत नाही?

मावशी : आच कमी पडते. हॉटेलातल्या चायनीज रेंजला ब्लोअर असतो, बोलणं ऐकू येणार नाही असा तिचा आवाज. कढई धूर येईपर्यंत तापवतात, तेल सगळीकडे फिरवून ओतून टाकतात आणि नवं पळीभर घालतात. लसूण क्षणभर, मग भाजी, मग आदल्या दिवशीचा गार, मोकळा भात. सोया सॉस भातावर ओतत नाहीत, कढईच्या कडेने सोडतात. तापलेल्या लोखंडावर तो चर्रकन आटतो आणि तो खमंग वास भातात उतरतो. सगळा वेळ कढई झटकत राहायची, भात झळेतून वर उडत राहतो. दोन-तीन मिनिटांत काम संपतं. घरच्या शेगडीवर एकदम चार माणसांचा भात टाकला की कढई थंड पडते, भाजीला पाणी सुटतं आणि भात परतण्याऐवजी वाफवला जातो. घरी करशील तेव्हा एकेका माणसापुरताच कर.

ओंकार : बाबा म्हणतात, चायनीज नको, त्यात अजिनोमोटो असतं.

मावशी : ही भीती दूर व्हायला हवी. 1908 साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू या समुद्री शेवाळाच्या सारातून अजिनोमोटोची मूळ चव, म्हणजे ग्लुटामेट, वेगळी काढली. टोमॅटोत, चीजमध्ये, आपल्या सोड्यांत ग्लुटामेट निसर्गतःच असतं. 1968 मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, असं त्यात होतं. तिथून चिनी जेवणाची बदनामी सुरू झाली. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत, जेवणात असतं तेवढ्या प्रमाणाने त्रास होतो असं सातत्याने दिसून आलं नाही. बाबांना रक्तदाब आहे ना? मग त्यांनी मिठाकडे बघावं. सोया सॉसमध्ये मीठ भरपूर असतं. वरून सॉस ओतू नका, एवढं त्यांना सांग.

ओंकार : या मेन्यूत थाई करी, सुशी, खाऊस्वे, सगळंच आहे. सगळ्यांतलं एकेक मागवू का?

मावशी : एका जेवणात एकच देश घे. थाई करी नारळाच्या दुधाची, लेमनग्रास आणि गलांगलची. तिच्यानंतर वाफवलेला कँटनी मासा खाल्लास तर तो बेचव लागेल. त्यात दोष माशाचा नाही, क्रमाचा आहे. सुशीतला मासा तर इतका हळुवार असतो की त्याच्या आधी तिखट खाऊच नये. सुशी सोया सॉसमध्ये बुडवताना माशाची बाजू बुडवायची, भाताची नाही, नाहीतर भात सॉस पिऊन विस्कटतो.

ओंकार : आणि खाऊस्वे कुठलं?

मावशी : म्यानमारचं. नारळाच्या दुधातल्या रश्श्यात नूडल्स, वरून तळलेला कांदा, उकडलेलं अंडं, लिंबू. ब्रह्मदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली भारतीय कुटुंबं दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर परत आली, त्यांच्याबरोबर ते आपल्याकडे आलं. फोर्टमध्ये 2014 साली सुरू झालेल्या ‘बर्मा बर्मा’त तर सगळा शाकाहारी बर्मी मेन्यू आहे. आईला एकदा तिथे घेऊन जा.

ओंकार : आईसाठी हिरवा ठिपका बघून मागवलं की झालं ना?

मावशी : हिरवा ठिपका असला तरी विचार. थायलंडच्या करी पेस्टमध्ये मूळ कृतीत वाटलेली कोळंबी असते, शिवाय फिश सॉस पडतो. जपानी मिसो सूपच्या पाण्यात बहुधा सुक्या माशाचा सार असतो. चिनी हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस घालतात, तो कालवांचा. मापो टोफू नावावरून शाकाहारी वाटतो, पण मुळात त्यात खिमा असतो. मुंबईतली चांगली रेस्टॉरंटं या सगळ्यांची शाकाहारी रूपं वेगळी करतात. फक्त ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगायचं की फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोळंबी पेस्ट काही नको. आणि हे बुकिंग करतानाच कळवलंस तर आणखी बरं.

ओंकार : मग आमची ऑर्डर तूच ठरव.

मावशी : चीन घेऊ. सुरुवातीला हार गावची एक टोपली आणि मशरूमच्या डिमसमची एक, आईसाठी. बाबांना आणि आजीला आलं-पातीचा कांदा घालून वाफवलेला अख्खा मासा, त्यात तिखट नसतं. आईसाठी खिम्याशिवायचा मापो टोफू, सिचुआनचा. हा टोफू तुमचा मासा खाऊन झाल्यावर मागव. लसणावर परतलेलं बॉक चॉय, ऑयस्टर सॉसशिवाय. आणि साधा भात. चवदार पदार्थांबरोबर साधा भातच लागतो, फ्राइड राइसने सगळ्या चवी एकमेकींत मिसळतात. सगळं टेबलाच्या मध्यभागी ठेवून वाटून खायचं, ताटं वेगवेगळी मागवायची नाहीत. बरोबर जस्मिन चहा घ्या, तेल जड होत नाही. चॉपस्टिक जमली नाही तर चमचा मागायला संकोच नको. मात्र ती भातात उभी रोवून ठेवू नका, चिनी घरांत ते मृताच्या नैवेद्यासारखं दिसतं.

ओंकार : आणि नाक्यावरच्या गाडीवर पुन्हा जायचं की नाही?

मावशी : जरूर जा. तेल ताजं आहे का, पाणी स्वच्छ आहे का ते बघ. मुंबईत अशा गाड्यांवर नेपाळ, दार्जिलिंग, ईशान्य भारतातून आलेली मुलं राबताना दिसतात. त्यांना त्यांच्या गावचं नाव विचार. बीकेसीतल्या शेफला जो मान देशील, तोच त्यांनाही दे. मोठ्या रेस्टॉरंटमध्ये गेलास की किमतीआधी पदार्थ कुठल्या देशाचा, कुठल्या प्रांताचा ते वाच, आणि लिहिलेलं नसेल तर वाढणाऱ्याला विचार. ज्यांना ते नीट सांगता येतं त्यांच्याकडेच पैसे खर्च कर आणि पुन्हा जा.