'जणू' आणि 'गोया'

मराठीच्या पुस्तकात 'अलंकार' हा शब्द दिसला की तुमच्यापैकी पुष्कळजण पान उलटतात. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ही नावे जड वाटतात. पण यातला अर्धा अभ्यास तुमचा उर्दूच्या तासाला झालेला आहे. हे वाक्य पाहा :

सलमाचे अक्षर मोत्यासारखे सुंदर आहे.

उर्दूत ही तशबीह, मराठीत उपमा. ज्याची तुलना करायची ते अक्षर, म्हणजे मुशब्बह. त्याला मराठीत उपमेय म्हणतात. ज्याच्याशी तुलना केली तो मोती, म्हणजे मुशब्बह बिही, ते उपमान. सुंदरपणा हा दोघांतला समान गुण, म्हणजे वजह-ए-शबह, ते साधर्म्य. 'सारखे' हा हर्फ-ए-तशबीह मराठीत साम्यवाचक शब्द ठरतो. उर्दूतली गरज-ए-तशबीह मात्र मराठीत वेगळी विचारत नाहीत. तेवढे ओझे कमीच!

आता वाक्य थोडे बदलू.

सलमाचे अक्षर म्हणजे जणू मोतीच!

'जणू' म्हणजे आपले 'गोया'. पाय घसरतो तो इथेच. उर्दूत 'गोया' आले तरी ती तशबीहच राहते. मराठीत मात्र 'जणू', 'वाटे', 'गमे', 'भासे' असे शब्द आले, की अलंकार उत्प्रेक्षा होतो. कारण आता अक्षर मोत्यासारखे राहिले नाही. ते मोतीच असावे, अशी कल्पना आपण केली. येथे 'उपमा' लिहिणाऱ्याचा गुण हमखास जातो.

आणखी एक पाऊल पुढे जाऊ.

सलमाच्या अक्षरमोत्यांनी वही भरली.

'सारखे' गेले, 'जणू'ही गेले. अक्षर आणि मोती एकरूप झाले. हे रूपक. अनेक मुले 'रूपक म्हणजे इस्तिआरा' असे पाठ करतात. ते पुरते खरे नाही. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही हजर असतात. इस्तिआऱ्यात मुशब्बह नाहीसा होतो : 'सलमाने वहीवर मोती पेरले.' यात अक्षराचे नावही नाही, तरी अर्थ कळतो. मराठी व्याकरणात असा अर्थ लक्षणेने मिळतो असे म्हणतात.

उपमाने मात्र जशीच्या तशी उचलू नका. उर्दूत मूर्खाला उल्लू म्हणतात. मराठीत एखाद्याला घुबड म्हणाल, तर ऐकणाऱ्याला मूर्खपणापेक्षा अपशकुन आधी आठवेल. मूर्खासाठी मराठीत गाढव आहे, बैल आहे आणि शंखही आहे. (बिचाऱ्या शंखाने काय पाप केले, कोण जाणे!) प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारा तो नंदीबैल.

स्वाध्याय : खालील वाक्यांतील अलंकार ओळखा. नंतर ती उर्दूत लिहा आणि कोठे अलंकाराचे नाव बदलते ते पाहा.
१. आजीचा आवाज मधासारखा गोड आहे.
२. पहिल्या पावसात मैदान जणू तळेच झाले.
३. घरोघरी ज्ञानदीप लागले.