डेंग्यू-सर्वेक्षण आणि वैद्यवर्गाचे कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल यांची दुष्टी हे साथींचे कारण सांगितले आहे. एका रुग्णाच्या परीक्षणाने ही दुष्टी ध्यानात येत नाही. अनेक रुग्णांची एकत्रित नोंदच ती दाखविते. याच कार्यास आज रोगसर्वेक्षण म्हणतात. 1996 साली दिल्लीतील डेंग्यूच्या साथीत 10,000 हून अधिक रुग्ण व 400 हून अधिक मृत्यू नोंदले गेले. देशात 2004 पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि 2021 पासून त्याच्या नोंदी संगणकीय मंचावर घेतल्या जाऊ लागल्या. तथापि जो ज्वररुग्ण केवळ वैद्याकडे येतो व ज्याची सूचना वैद्य देत नाही, तो या गणनेत येतच नाही.

शीघ्र सूचना का?
रुग्णाच्या रक्तात विषाणू ज्वरारंभापूर्वी सुमारे 2 दिवसांपासून ज्वर उतरेपर्यंत असतो. या काळात त्यास दंश करणारी एडिस डासाची मादी साधारणतः 8 ते 12 दिवसांनी इतरांस रोग देऊ शकते. ती बहुधा 400 मीटरच्या परिसरातच वावरते. म्हणजेच रुग्णाच्या घराभोवती उपाय योजण्यास मिळणारा अवकाश थोड्या दिवसांचाच असतो. निश्चित निदानाची वाट पाहण्यात तो निघून जातो. रोगाचे नाव सांगता आले नाही तर वैद्याने लज्जित होऊ नये, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात म्हटले आहे. सूचनेस संशय पुरेसा आहे.

संशयित रुग्ण
2 ते 7 दिवसांचा तीव्र ज्वर आणि शिरःशूल, नेत्रगोलकामागे वेदना, मांसशूल, संधिशूल, त्वचेवर पुरळ व रक्तस्राव यांपैकी किमान दोन लक्षणे असल्यास डेंग्यूचा संशय घ्यावा. पहिल्या 5 दिवसांत एनएस-1 एलायझा व त्यानंतर आयजीएम एलायझा ही तपासणी करवावी. झटपट कार्डचाचणीवर निदान निश्चित मानू नये. रक्तनमुना शासनमान्य सेंटिनल रुग्णालयाकडे पाठवावा.

नोंदवहीत काय असावे?
1) नाव, वय व संपूर्ण पत्ता
2) ज्वरारंभाचा दिनांक
3) मागील 2 आठवड्यांतील प्रवास
4) घरात वा शेजारी अन्य ज्वररुग्ण

ही माहिती त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास अथवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागास कळवावी. पत्ता अपुरा असल्यास कर्मचारी योग्य घरी पोहोचू शकत नाहीत. सूचनेनंतर परिसरातील घरांत अळ्यांचा शोध घेतला जातो. 50 घरांपैकी 6 घरांत अळ्या आढळल्यास गृहनिर्देशांक 12 होतो. अशा 9 पाणीसाठ्यांत अळ्या असल्यास ब्रेटो निर्देशांक 18 होतो, कारण तो दर 100 घरांमागे मोजतात. या आकड्यांवरून कामाचा अग्रक्रम ठरतो.

औषधालयांची भूमिका
एकाच आळीतून ज्वरघ्न औषधांची मागणी अकस्मात वाढली, तर ती पहिली सूचना असू शकते. औषधालय-चालकांनी ती जवळच्या वैद्यास वा आरोग्य केंद्रास कळवावी. डेंग्यूच्या संशयात अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक देऊ नये. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सावधानता
ज्वर उतरणे म्हणजे आरोग्यलाभ नव्हे. त्याच सुमारास प्रकृती गंभीर होऊ शकते. तीव्र उदरशूल, वारंवार छर्दी, हिरड्या वा नाकातून रक्त, अस्वस्थता, ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास केवळ आपल्या औषधांवर विसंबून न राहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

आठवड्यातून एक दिवस पाणीसाठे रिकामे करून, घासून कोरडे ठेवण्याचा उपदेश प्रत्येक रुग्णास करावा. कारण अंड्यापासून डास होण्यास सुमारे 7 ते 10 दिवस लागतात. आरंभ आपल्या चिकित्सालयातील कुंड्या, कूलर व गच्चीवरील टाकीपासून करावा. स्वतंत्र ज्वर-नोंदवही ठेवण्यास खर्च जवळजवळ नाही. परंतु तिच्यातील एका वेळेवर दिलेल्या सूचनेने संपूर्ण आळीचे रक्षण होऊ शकते.